एका पंखाचें मोल

घर बांधतांना मनुष्याला जेवढें शहाणपण येतें त्याच्या दुप्पट तें मोडतांना येतें, असा आमचा अनुभव आहे. पुण्यांतील आमचा जुना वाडा २०११ च्या उन्हाळ्यांत पाडावयाचा ठरला, तेव्हां या शहाणपणाचा लाभ आम्हां चौघां चुलत भावंडांना एकदमच झाला. माळ्यावरून खालीं आलेल्या वस्तूंची यादी येथें देत बसलों तर वाचकांस आपापल्या घरचा माळा आठवून उगाच हुरहूर लागेल. पाट, पराती, समया, मोडका पाळणा आणि तीन पिढ्यांनीं जपून ठेवलेलीं जुनीं पंचांगें यांची वांटणी एका दुपारीं झाली. भांडण म्हणावें असें कांहीं झालें नाहीं. अडलें तें एका काळ्या पत्र्याच्या ट्रंकेपाशीं.

ही ट्रंक आमच्या धाकट्या काकांची. काका अविवाहित होते आणि १९८६ सालीं वारले. दुसऱ्या महायुद्धांत ते हवाई दलांत होते, व त्या वेळचे त्यांचे कपडे, पदकें आणि बिल्ले ट्रंकेंत आहेत, एवढें सर्वांना ठाऊक होतें. ट्रंक कोणालाच नको होती. तिच्यांतील एकेक वस्तु मात्र प्रत्येकाला हवी होती. थोरल्या भावानें पदकें मागितलीं, दुसऱ्यानें कोट. बहिणीला टोपी हवी होती, आणि काकांच्या छातीवरचा पंखांचा बिल्ला आपल्याला मिळावा असें आम्हीं मनांतल्या मनांत ठरविलें होतें. तेवढ्यांत परदेशीं नोकरी करणारा आमचा पुतण्या म्हणाला कीं, असल्या वस्तूंना तिकडे हौशी संग्राहक चांगली किंमत देतात. आधीं प्रत्येक वस्तूची किंमत काढावी आणि मग वांटणी करावी, म्हणजे कोणावर अन्याय होणार नाहीं. सूचना न्यायाची होती. वांटणीच्या वेळीं न्यायाच्या सूचना बहुधा धाकट्या पिढीकडूनच येतात, कारण तिच्यापाशीं आठवणींचें ओझें कमी असतें.

किंमत काढावयाची तर वस्तु कोणती हें आधीं कळलें पाहिजे. आणि तें आपल्याला कळलेलेंच आहे अशी आमची खात्री होती. काका वैमानिक होते ही आमच्या घराण्याची एक श्रद्धा. विमानाला टेकून उभे राहिलेल्या काकांचा एक फोटो दिवाणखान्यांत होता. अंगाची एकच बाजू कॅमेऱ्याकडे वळलेली आणि छातीवर पंख. पंख एकच दिसे. पण दुसरा कोटाच्या गळपट्टीआड असेल, हें कोणीं बोलून न दाखवितां सर्वांनीं मान्य केलें होतें. मुंबईंत जन्मलेले हृषीकेश मुळगांवकर त्याच युद्धांत विमानें चालवीत होते आणि पुढें १९७६ ते १९७८ या काळांत भारतीय हवाई दलाचे प्रमुख झाले. त्यांचें नांव वर्तमानपत्रांत आलें कीं आमचे वडील म्हणत, 'आपला धाकटा तेथेंच राहिला असता तर...' आणि वाक्य पुरें करीत नसत.

काका तेथें राहिले नाहींत. युद्ध संपल्यावर ते मुंबईस अकाउंटंट जनरलच्या कचेरींत कारकून झाले व तेथूनच निवृत्त झाले. या कचेरीला सारें जग 'ए. जी. ऑफिस' म्हणतें. दरवर्षीं खंडेनवमीला काका पुण्यास येत, ट्रंक उघडीत, आणि टोपी, पदकें व बिल्ला पूजेच्या पाटावर मांडीत. त्या बिल्ल्यावर 'ए. जी.' हींच दोन इंग्रजी अक्षरें आम्हीं लहानपणीं वाचलीं होतीं, आणि सरकारी हिशेब तपासणाऱ्या कचेरीनें आपल्या कारकुनांना पंख कां द्यावे याचें आम्हांला बरेच दिवस नवल वाटत असे. मोठेपणीं तें नवलहि संपलें आणि विचारावयाचेंहि राहून गेलें. एकदां मात्र आम्हीं काकांना विचारलें होतें, 'काका, विमान कसें चालवितात?' 'समोर पाहून,' काका म्हणाले, आणि हंसले. पुणें-मुंबई प्रवासांत ते नेहमीं इंजिनाकडे पाठ करून बसत. कोणीं कारण विचारलें तर म्हणत, 'मागें पडलेलें गांव नीट दिसतें.'

आमच्या पेठेंत एक निवृत्त विंग कमांडर राहत असत. त्यांना आम्हीं ट्रंक दाखविण्यासाठीं बोलाविलें. डांबरगोळ्यांचा वास घरभर पसरला. निळसर राखी लोकरीचा एक कोट, त्याला कसरीनें दोन ठिकाणीं पाडलेलीं भोकें, खाकी ड्रिलचे दोन बुशशर्ट, होडीसारखी घडी होणारी टोपी, चार पदकें, एक जरीचा सुटा बिल्ला, आणि तळाशीं कापडी पुठ्ठ्याची एक जाड नोंदवही. पदकें लखलखत होतीं. दर खंडेनवमीच्या आदल्या दिवशीं आजी, आणि तिच्यामागें आमची आई, देवांच्या उपकरणांबरोबर तीं चिंचेनें घांसून काढीत असे. विंग कमांडरांनीं एक पदक हातांत घेतलें, आणि वैद्यानें रोग्याच्या नातलगांकडे पाहावें तसें आमच्याकडे पाहिलें. 'फार स्वच्छ ठेवलींत,' ते म्हणाले. तो गौरव नव्हता हें आमच्या उशिरां ध्यानांत आलें. धातूवर काळानें चढविलेली झांक हाच तिचा जन्मदाखला. तो आम्हीं पन्नास वर्षें चिंचेनें पुसून टाकीत होतों. ताऱ्यांवरील बारीक अक्षरें हाताला लागेनाशीं झालीं होतीं.

मग त्यांनीं तीं पदकें आम्हांला वाचून दाखविलीं. सहा टोंकांचे दोन तारे होते. एकाच्या फितीवर गडद निळा, तांबडा आणि फिकट निळा असे तीन सारखे पट्टे. आरमार, भूदल आणि हवाई दल यांचे ते रंग. हा १९३९-४५ चा तारा. दुसरा ब्रह्मदेशाच्या मोहिमेचा. उरलेल्या दोन वाटोळ्या पदकांपैकीं एक युद्धपदक आणि एक हिंदुस्थानांतील सेवेचें. 'यांतील शौर्याचें कोणतें?' थोरल्या भावानें विचारलें. 'एकहि नाहीं,' विंग कमांडर म्हणाले. 'हीं मोहिमेचीं पदकें. अमुक ठिकाणीं अमुक काळ होता, एवढेंच तीं सांगतात. शौर्यासाठीं डी. एफ. सी. असता तर त्याच्या फितीवर जांभळे-पांढरे तिरकस पट्टे दिसले असते.' पदकाच्या कडेवर नांव शोधूं गेलों, तर तेंहि नव्हतें. पहिल्या महायुद्धाच्या पदकांवर ब्रिटिश सरकार सैनिकाचें नांव कोरून देत असे. दुसऱ्याचीं मोहीम-पदकें त्यानें आपल्या सैनिकांस नांवावांचून दिलीं. म्हणजे असा चार पदकांचा संच बाजारांतून कोणीहि जुळवूं शकतो.

कोटाच्या बाहीवर तीन उलट्या कमानी आणि वर मुकुट. हवाई दलाचा अधिकारी असता तर बाहीच्या टोंकाशीं आडवे पट्टे असते: फ्लाइंग ऑफिसरला एक, फ्लाइट लेफ्टनंटला दोन, विंग कमांडरला तीन. काका फ्लाइट सार्जंट होते. 'साहेब' नव्हते. दुसऱ्या भावानें कोट हळूच घडी करून ठेवला.

आणि शेवटीं पंख. 'याचा दुसरा पंख कोठें आहे?' आम्हीं विचारलें. विंग कमांडरांनीं क्षणभर आमच्याकडे पाहिलें आणि शांतपणें सांगितलें, 'याला दुसरा पंख नसतोच.'

वैमानिकाच्या छातीवर दोन पंख असतात; मध्यें पानांच्या वेटोळ्यांत दलाचीं आद्याक्षरें आणि त्यावर मुकुट. विमानांत त्याच्याबरोबर जाणाऱ्या इतरांच्या वांट्याला एकच पंख येई, आणि त्याच्या मुळाशीं पानांच्या वेटोळ्यांतील अक्षर त्या माणसाचें काम सांगे. 'एन्' असेल तर तो मार्ग दाखविणारा, 'बी' असेल तर बाँब टाकणारा, 'ई' असेल तर यंत्रें सांभाळणारा. निरीक्षकासाठीं १९४२ पर्यंत पंख फुटलेला नुसता 'ओ' असे; त्यामुळें बिल्ल्यावरून माणसाचें काम कळतें तसा काळहि कळतो. 'ए. जी.' हीं अक्षरें १९३९ च्या डिसेंबरांत आलीं, आणि त्यांचा अर्थ हवाई तोफची. त्या पंखावर मुकुट नसतो, देशाचें नांव नसतें. तोच पंख लँकाशायरच्या मुलाच्या छातीवर आणि तोच पुण्याच्या मुलाच्या. म्हणून नुसता पंख सांपडला तर तो कोणाचा हें सांगतां येत नाहीं.

आमच्या मनांत अजून थोडी आशा होती. बिल्ला दुसऱ्या कोणाचा असेल. ती नोंदवहीनें घालविली. कोटाच्या गळपट्टीच्या आंत परिटानें काळ्या शाईनें घातलेली खूण होती. तेच आंकडे ट्रंकेच्या झांकणावर पांढऱ्या रंगांत होते, आणि तेच नोंदवहीच्या पहिल्या पानावर काकांच्या सुबक अक्षरांत. वहीवरच छापलें होतें कीं ती निरीक्षकांची व तोफचींची उड्डाण-नोंदवही आहे. तारीख, वेळ, विमानाची जात व क्रमांक, वैमानिक, स्वतःचें काम, उड्डाणाचे तास असे रकाने. रात्रींचीं उड्डाणें तांबड्या शाईनें. आम्हीं पानामागून पान उलटलें. वैमानिकाच्या रकान्यांत प्रत्येक ओळींत दुसऱ्याचें नांव होतें. काकांचें नांव त्या रकान्यांत एकदांहि नव्हतें.

१९४४ सालच्या पानांवर विमानाची जात 'व्हेंजन्स' अशी होती. हें अमेरिकेंत बांधलेलें, उभी झेप घेऊन बाँब टाकणारें विमान. हिंदी हवाई दलाच्या सातव्या आणि आठव्या तुकडीनें तें ब्रह्मदेशाच्या आघाडीवर वापरलें. जपानी सैन्य इंफाळ आणि कोहिमा यांवर चालून आलें होतें त्याच वर्षीं. दलाच्या नांवामागें 'रॉयल' हा शब्द अजून लागला नव्हता. तो १९४५ च्या मार्चमध्यें आला आणि १९५० सालीं देश प्रजासत्ताक होतांच गेला. व्हेंजन्समध्यें माणसें दोनच. वैमानिक समोर तोंड करून आणि तोफची त्याच्या पाठीला पाठ लावून, शेंपटाकडे पाहत. दहा-बारा हजार फुटांवरून विमान नाक खालीं करून जवळजवळ सरळ कोसळे. वैमानिकाला वर येणारी जमीन दिसे. तोफचीला दिसे तें दूर जाणारें आकाश. जमीन किती जवळ आली आहे हें त्याला पाहतां येत नसे; वैमानिक विमान वेळेवर सांवरील या भरंवशावर तो बसून राही, आणि मागून कोणी येतें कीं काय याकडे डोळे लावी.

हें ऐकतांना आम्हांला आगगाडींतील ती जागा आठवली. पण त्या वेळीं मनांत जें आलें तें प्रामाणिकपणें सांगितलें पाहिजे: आमची निराशा झाली होती. पाटावर मांडलेली आमची श्रद्धा एका तासांत वैमानिकाची तोफची, अधिकाऱ्याची सार्जंट आणि वीराची सेवक झाली होती. आणि तोच बिल्ला आम्हांला हवा होता.

पुढच्या आठवड्यांत पुतण्यानें मुंबईहून एका व्यापाऱ्याला आणलें. माणूस धंद्यांत मुरलेला होता. त्यानें भिंगानें शिवण पाहिली, पंखाची मागची बाजू पाहिली, आणि अंधार करून एका अतिनील दिव्याखालीं सर्व कापड धरलें. युद्धानंतर प्रचारांत आलेले कांहीं धागे व धुण्याचीं कांहीं द्रव्यें त्या उजेडांत पांढरीं चमकतात. जुना रेशमी धागा तसा चमकत नाहीं. बटणांवरील मुकुटहि त्यानें तपासला. सहाव्या जॉर्ज राजाच्या काळचा मुकुट वर गोलाकार असतो. एलिझाबेथ राणीच्या काळांत आलेल्या मुकुटाचा माथा मध्यें खचलेला असतो. महायुद्धांतील म्हणून विकावयास आलेल्या वस्तूवर असा खचलेला मुकुट दिसला तर पुढें बोलण्याचें कारण उरत नाहीं. जरीचा सुटा बिल्ला छावणीच्या बाजारांतील कारागिराच्या हातचा होता. चांदीची तार काळी पडली होती. 'याला चिंच लागली नाहीं हें नशीब,' तो म्हणाला.

मग त्यानें एका कागदावर प्रत्येक वस्तूसमोर आंकडा लिहिला. कोटासमोर, कसरीमुळें, फारच थोडा; पदकांसमोर त्याहून थोडा अधिक; टोपीसमोर नांवापुरता. बेरीज करून त्यानें रेघ मारली, आणि रेघेखालीं आणखी एक आंकडा लिहिला. तो बेरजेच्या तिप्पट होता. 'हा कशाचा?' पुतण्यानें विचारलें. 'सगळें एकत्र, वहीसकट द्याल तर,' तो म्हणाला. 'सुटीं पदकें कोणाचींहि असूं शकतात. सुटा पंख कोणाचाहि. परिटाची खूण, ट्रंक आणि वही जवळ आहेत तोंवर हा माल एका माणसाचा आहे. तुम्ही वांटून घेतलेंत कीं तो कोणाचाच राहणार नाहीं.' वैमानिकांचे पंख आपल्याकडे वरचेवर येतात, पण नांवागांवासह तोफचीचा पंख आपण फार क्वचित पाहिला आहे, असेंहि त्यानें जातां जातां सांगितलें.

एरवीं बाजार आणि मन यांचें पटत नाहीं असें आपण म्हणतों. या एका बाबतींत बाजारानेंच आम्हांला मन कसें असावें तें शिकविलें. आठवण म्हणून प्रत्येकानें एकेक वस्तु नेली असती तर काकांची आठवण चार घरीं पोंचली असती आणि काका एकाहि घरीं पोंचले नसते.

विंग कमांडरांनीं एक प्रश्न विचारून ठेवला होता: 'रेशमावर छापलेला नकाशा नव्हता का?' शत्रूच्या मुलुखांत विमान पडलें तर वाट काढतां यावी म्हणून वैमानिकांना व तोफचींना असे नकाशे देत. रेशीम भिजून फाटत नाहीं आणि घडी केल्यास वाजत नाहीं. ट्रंकेंत तो नव्हता. बहिणीला एकदम आजीची पोथी आठवली. तिचें बासन रेशमी होतें आणि त्यावर रेघा व बारीक इंग्रजी नांवें होतीं. रेशीम सोंवळ्यांत चालतें, म्हणून काकांनीं आपल्या आईला तें दिलें असावें. आजीमागें पोथी आत्याकडे गेली होती. आत्या तेव्हां चौऱ्याण्णव वर्षांच्या होत्या. काका त्यांच्या पाठचे. 'माझा भाऊ विमान चालवीत असे,' हें वाक्य त्यांनीं साऱ्या आयुष्यांत किती वेळां उच्चारलें असेल याची गणती नाहीं. बासन पाहावयास जावयाचें तर त्यांना खरें सांगावें कीं नाहीं, यावर आम्हां भावंडांत जो वाद झाला तो सबंध वाड्याच्या वांटणींत झाला नव्हता.

पोथी देवघरांत होती. बासन सोडून खिडकीपाशीं धरलें, तों ब्रह्मदेशांतील नद्या, डोंगर आणि रस्ते घडीघडींतून उलगडूं लागले; कडेला हळदीकुंकवाचे डाग. आत्यांनीं विचारलें, 'एवढें काय पाहतां त्यांत?' मग आम्हीं सांगितलें. विमान दुसरा चालवी, काका मागें बसत, त्यांच्याजवळ यंत्रबंदूक असे.

'बंदूक?' आत्या म्हणाल्या. 'त्याला सांपळ्यांतला उंदीर मारवत नसे.' बराच वेळ त्या गप्प राहिल्या. आपण चूक केली असें आम्हांला वाटूं लागलें. नंतर त्यांनीं विचारलें, 'मागें म्हणजे कसा बसे?'

'चालवणाऱ्याच्या पाठीला पाठ लावून.'

'म्हणजे पाठराखाच कीं,' आत्या म्हणाल्या. 'माझें लग्न झालें तेव्हां सासरीं माझ्याबरोबर पाठराखा म्हणून तोच आला होता. अकरा वर्षांचा होता. सासूबाईंच्या माहेरच्या बायकांनीं मला हंसून कांहीं विचारलें कीं हा आधीं उत्तर देई. रात्रीं दाराशीं आडवा होऊन निजला, आणि सकाळीं म्हणाला, ताई, कोणी आलें नाहीं.' त्यांनीं बासन परत मागून घेतलें, पोथी त्यांत नीट गुंडाळली, आणि ती आमच्या हातीं दिली. 'आतां ही त्याच्या ट्रंकेंत ठेवा.'

विमान चालवीत असे, हें वाक्य त्यानंतर त्यांच्या तोंडून आम्हीं ऐकलें नाहीं. दुसरें कांहीं त्या म्हणत असल्या तर तें आम्हांला ठाऊक नाहीं. दोन वर्षांनीं त्या वारल्या.

ट्रंक विकली नाहीं आणि वांटलीहि नाहीं. ती आमच्या घरीं आहे, पण आमची नाहीं. चौघांच्या सह्यांचा एक कागद तिच्यांत आहे. कोट घडी न करतां धुवट सुती कापडांत ठेवला आहे. प्रत्येक वस्तूचा फोटो आणि तिच्याबद्दल कळलेली माहिती एका वहींत लिहून ठेवली आहे, कारण ज्याला ठाऊक असतें तो सांगावयाचें राहून जातो, हें आम्ही एकदां पाहिलें आहे. पुतण्या अजूनहि मधून मधून परदेशांतील किंमती कळवितो. त्याला आम्हीं लिहिलें आहे कीं, १९७२ च्या कायद्याप्रमाणें शंभर वर्षांवरील वस्तु ही पुरावस्तु ठरते, आणि ऐतिहासिक महत्त्वाच्या हस्तलिखिताला पंचाहत्तर वर्षेंच पुरतात. अशी वस्तु खाजगी माणसाला देशाबाहेर पाठवितां येत नाहीं. काकांच्या नोंदवहीनें पंचाहत्तरी ओलांडली आहे. हें कारण त्याला पटलें. खरें कारण त्याहून वेगळें असलें तरी चालेल.

दिवाणखान्यांतील फोटो नव्या घरांतहि लावला आहे. त्याच्याखालीं पूर्वीं कांहीं लिहिलेलें नव्हतें. आतां एका पट्टीवर काकांचें नांव, क्रमांक आणि 'हवाई तोफची' एवढेंच लिहिलें आहे. पंख एकच दिसतो, आणि दुसरा आम्ही शोधीत नाहीं. खंडेनवमीला ट्रंक अजून पाटाजवळ येते. हळदकुंकू झांकणावर, आणि चिंच स्वयंपाकघरांतच.